पुढच्या वर्षी टोचलेली लस

बायको आफ्रिकेतली जंगलं पाहून परत यायची होती, आणि तिचं जरा बरं स्वागत करावं असं माझ्या मनात आलं. मूळ कल्पना एवढीच. विमानतळावर जायचं, हातात फुलं असावीत, तिने "अगंबाई, फुलं कशाला?" म्हणावं आणि टॅक्सी करून दोघांनी घरी यावं. यात कोणाचं काही वाकडं व्हायचं कारण नव्हतं. पण माझ्या हातून आजवर जे जे बिघडलं ते चांगल्या हेतूनेच बिघडलेलं आहे, तेव्हा मी सावध राहायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या पिढीतला नवरा आपण होऊन फुलं आणायला निघाला म्हणजे काहीतरी घडलं असणार. घडलं होतं. एक फोटो आला होता.

ही शाळेत जीवशास्त्र शिकवायची. उभी नोकरी तिने फळ्यावर टांगलेल्या तक्त्यातला सिंह छडीने दाखवण्यात घालवली. आयाळ, सुळे, पंजा, शेपटीचा गोंडा. निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "आता खरा बघायचा." तिच्या बरोबरीच्या काही शिक्षिका तयारच होत्या. मलाही विचारलं. मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे सरकार जे काही छापतं ते आधी वाचून त्यातल्या चुका लाल शाईने दाखवून देतो. छापखाना बंद होणार अशी कुजबुज चालू होती आणि अशा दिवसांत रजेवर गेलेल्या माणसाची खुर्ची परत आल्यावर जागेवर असेलच असं नाही. "तू जाऊन ये," मी म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

तिथून ती रोज फोटो पाठवायची. सुरुवातीला खाली मजकूर असायचा. 'जेवण बरं आहे. गॅस बंद करत जा. दूधवाल्याला नाही म्हणून सांगा.' मग मजकूर आटला. मग नुसते प्राणी यायला लागले. आणि शेवटी तो फोटो आला, तिचा स्वतःचा. उघड्या जीपमध्ये उभी, डोक्यावर कोणाची तरी भलतीच मोठी टोपी, आणि तोंडभर हसतेय. मी तो फोटो प्रूफ बघतात तसा अगदी जवळ धरून बघितला. अशी हसताना हिला आपण शेवटचं कधी पाहिलं ते काही केल्या आठवेना. मी स्वयंपाकघरात उभा होतो. ओट्यावर सकाळचा कप तसाच पडलेला, साखरेचा डबा सापडत नव्हता म्हणून मी गेले कित्येक दिवस बिनसाखरेचा चहा पीत होतो. मनात आलं, इतकं हसणारं माणूस इथे परत येऊन करणार काय? येणार हे नक्की, तिकीट दोन्हीकडचं होतं. पण नुसतं तिकिटापायी येणं काही खरं नव्हे.

म्हणून फुलं. आणि फुलं कुठे चांगली मिळतात हे मी शेजाऱ्याला विचारलं, तिथून माझ्या अधोगतीला सुरुवात झाली.

आमच्या शेजाऱ्याला अख्खी इमारत 'सर्वज्ञ' म्हणते. त्यांच्या तोंडावर म्हणते आणि ते ती पदवी समजून स्वीकारतात.

"फुलं?" सर्वज्ञ म्हणाले. "अहो, ती बाई हत्ती बघून येतेय. तिच्यासमोर तुम्ही फुलं धरणार?"

"मग काय धरू?"

"वातावरण! घरात शिरल्या शिरल्या वाटलं पाहिजे की अजून जंगलातच आहोत."

मला हे फारसं पटलं नाही. जंगलातून आलेल्या माणसाला घर घरासारखंच वाटलेलं बरं, असं माझं मत होतं. पण माझ्या मताला आमच्या जिन्यात कधीच फारशी किंमत नव्हती. एवढ्यात सर्वज्ञांची बायको दारात आली. वहिनी तशा प्रेमळ. "भाऊजी, तुम्ही काहीच काळजी करू नका, जेवणाचं मी बघते. सगळ्या मजल्यांना सांगून टाकते," असं म्हणून त्या खाली गेल्यासुद्धा. टॅक्सीने दोघंच घरी यायची माझी कल्पना तिथेच निकालात निघाली.

सर्वज्ञांच्या ओळखीचा एक मंडपवाला होता. त्याच्याकडे लहान मुलांच्या वाढदिवसासाठी बनवलेला प्लायवूडचा जिराफ पडून होता. जिराफ आला तो खऱ्या उंचीचा. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने चढवला, आणि पहिल्या वळणावर त्याची मान कठड्यात आणि पाय भिंतीत असा काही अडकला की वरही जाईना, खालीही येईना. अख्खी इमारत त्याच्या पोटाखालून वाकून ये-जा करायला लागली. तेवढ्यात कमिटीचे चिटणीस आले.

"जिन्यात प्राणी ठेवायला लेखी परवानगी लागते," ते म्हणाले.

"अहो, हा लाकडी आहे."

"नियमात 'प्राणी' एवढंच म्हटलंय. जिवंत की लाकडी ते म्हटलेलं नाही."

मी नियम वाचला. खरोखरच म्हटलेलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर भांडला असता, पण छापील शब्दापुढे मान तुकवण्यात माझा जन्म गेलेला. मी मुकाट्याने परवानगीचा अर्ज लिहायला बसलो. चिटणीसांनी तो वाचून "आपलाच" च्या जागी "आपला विश्वासू" करून आणायला सांगितलं. माझा अर्ज! दुरुस्त करायला! मी तोही करून आणला. तोवर मंडपवाल्याने करवत आणून जिराफाचे पाय गुडघ्यापासून कापून टाकले होते.

"बसलेला जिराफ," सर्वज्ञ आमच्या हॉलमध्ये त्याच्याकडे लांबून बघत म्हणाले. "बसतो की कधीकधी."

त्या रिकाम्या घरात तो अपंग जिराफ आणि मी असे दोन दिवस समोरासमोर राहिलो. त्याच्या चेहऱ्यावर चित्रकाराने हसू काढलं होतं, त्यामुळे आमच्या दोघांत तोच बरा दिसत होता.

ती यायच्या दिवशी फुलं घेऊन विमानतळावर मी एकटा जाणार होतो, पण सर्वज्ञ आधीच टॅक्सीत बसलेले. त्यांच्या मांडीवर कापडी फलक होता. उलगडून बघतो तर 'सूस्वागतम'. पहिलाच उकार दीर्घ आणि शेवटच्या म चा पाय मोडायचा राहिलेला. मी म्हटलं, हे धरून मी चारचौघांत उभा राहणार नाही. ते म्हणाले, भावना बघा. मी म्हटलं, भावनेलाही ऱ्हस्व-दीर्घ असतं. यावरून आमचं जे वाजलं ते विमानतळ येईपर्यंत पुरलं.

दरवाजातून माणसं येत होती. कोणाच्या गळ्यात कोणी पडत होतं, कोणी नुसतीच बॅग हातात घेत होतं. हिच्या मैत्रिणी आल्या. उन्हाने रापलेल्या, दमलेल्या, खूश. एकीने मला ओळखलं.

"ती मागे आहे हं. आरोग्यवाल्यांनी थांबवलंय. होईल, होईल!" असं म्हणून ती मुलाबरोबर निघून गेली.

मग बाकीचे प्रवासीही संपले. सफाईवाली बाई यंत्र घेऊन आमच्या पायांभोवती फिरायला लागली, तेव्हा मला आत बोलावलं.

एका लहानशा खोलीत टेबलामागे आरोग्य अधिकारी बसला होता. त्याच्यासमोर हिचं लसीचं पिवळं कार्ड. त्या बाजूच्या देशांतून परतताना पिवळ्या तापाची लस टोचून घेतल्याचं कार्ड दाखवावं लागतं, आणि हिने लस वेळेवर, रांगेत उभं राहून घेतली होती. दंड सुजला होता, मी स्वतः बर्फ लावला होता.

"या कार्डाप्रमाणे," अधिकारी म्हणाला, "बाईंनी लस पुढच्या वर्षी घेतलेली आहे."

मी कार्ड बघितलं. तारीख बरोबर, महिना बरोबर, साल पुढचं. टोचणाऱ्या कारकुनाने घाईत एक आकडा पुढे ढकलला होता.

"अहो, ही तर उघड उघड लेखनातली चूक आहे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी घेतलेली लस या वर्षी कार्डावर कशी येईल?"

"तेच आम्हीही विचारतोय. आणि ही लाल खूण कोणाची?"

निघायच्या आदल्या दिवशी हिने कार्ड माझ्या हातात दिलं होतं, "तुम्ही एकदा बघून घ्या, तुमची नजर तयार आहे." कार्डाच्या डोक्यावर 'अरोग्य विभाग' असं छापलेलं. मी अ ला लाल शाईने काना दिला, समासात नेहमीची खूण केली आणि समाधानाने कार्ड परत केलं. सालाकडे माझं लक्षच गेलं नाही. आकडे तपासणं हे आमच्याकडे दुसऱ्या टेबलाचं काम आहे.

"माझी," मी म्हटलं. "ते 'आरोग्य' असं पाहिजे."

"म्हणजे शासकीय दाखल्यावर खाडाखोड. मग तर प्रश्नच मिटला. बाईंना मुदत भरेपर्यंत विलगीकरणात ठेवावं लागेल."

हिला काचेपलीकडून नेत होते. रापलेला चेहरा, हातात बॅग, डोक्यावर टोपी नाही. मी फुलं वर केली. तिने फुलांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं, आणि हाताने हवेत एक छोटासा उभा दांडा काढून दाखवला. काना.

घरी वहिनींना फोन केला. मागून भांड्यांचे आवाज येत होते. "अगंबाई! मग थांबायचं का आम्ही?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नका थांबू. त्या म्हणाल्या, "नाही, म्हणजे बसलोच आहोत सगळे." मी पोचलो तेव्हा माझ्याच घरात मला बसायला जागा नव्हती. कोणाचं तरी पोर जिराफावर बसलं होतं. चिटणीस मला बघून म्हणाले, "चव छान आहे हो." मग हळूच, "पण त्यांना झालंय काय नक्की? संसर्गाचं तर नाही ना?" आणि बोलता बोलता माझ्यापासून थोडे लांब सरकले. दुसऱ्या दिवशीपासून मी लिफ्टमध्ये शिरलो की लोकांना जिन्याने जायची हौस येऊ लागली.

सकाळी उठून मी लसीच्या केंद्रावर गेलो. खिडकीतल्या बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चूक आमचीच आहे," ती म्हणाली. मला तिचे पाय धरावेसे वाटले. "नवीन कार्ड देऊ. फक्त जिने लस घेतली तिने स्वतः हजर राहायचं."

"तिला कोंडून ठेवलंय. कार्ड नाही म्हणून."

"मग सुटल्यावर घेऊन या."

"सुटल्यावर कार्ड कशाला पाहिजे?"

"ते तुम्ही बघा," ती म्हणाली आणि माझ्या मागच्याला बोलावलं.

विलगीकरणाची इमारत गावाच्या टोकाला होती. बैठी, रंग उडालेली, खिडक्यांना डासांची बारीक जाळी. पिवळा ताप डासांमार्फत पसरतो म्हणून ही जाळी. भेटायला आलेल्यांनी बाहेर कोरड्या गवतात उभं राहायचं आणि जाळीतून बोलायचं. हिला जमिनीलगतची खोली मिळाली होती. दोन खाटा, एक रिकामी. मी रोज छापखान्यातून परस्पर तिकडे जायला लागलो. छापखान्यात तरी काय होतं? त्याच आठवड्यात माझ्या शेजारचं टेबल उचलून नेलं होतं, आणि ते कुठे नेलं हे विचारायला तिथे कोणी नव्हतं.

पहिल्या दिवशी ती फक्त, "साल नाही बघितलंत?" एवढंच म्हणाली. मी नाही म्हटलं. मग दोघंही जाळीच्या दोन्ही बाजूंनी उभे राहिलो. आमच्या घरातही असंच असतं, फक्त मधे जाळी नसते.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सिंह कसा होता?"

"झोपला होता." ती जाळीजवळ सरकली. "अहो, सबंध दिवस झोपला होता. आम्ही जीपमध्ये उन्हात बसून राहिलो. एकदा कुशीवर वळला. मी इतकी वर्षं पोरांना काय काय सांगत आले, आणि तो आपला पंख्याखाली पडलेल्या माणसासारखा पडलेला."

"मग वाईट वाटलं?"

"नाही हो. मला इतकं हसू आलं की ड्रायव्हरने स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाला, ऊन लागलंय बाईंना."

म्हणजे तो फोटो त्या वेळचा होता. माझ्या मनावरचं काहीतरी थोडं हललं, पण उतरलं नाही.

त्यानंतरच्या दिवशी तिने सांगितलं की इथे बसून बसून गुडघा धरलाय, गुडघ्याचा पट्टा आणा. पट्टा आणला. वस्तू देण्यासाठी कचेरीत नोंद करायची, ती उद्या तपासली जायची आणि परवा खोलीत पोचायची. मी गुडघ्याकडे बघितलं. ती खाटेच्या कडेला तिरकी बसली होती, पाय लांब करून, घरी बसते तशी. जाळीची खालची कड एका कोपऱ्यात सुटलेली मला दिसत होती. गुंडाळी करून एवढा पट्टा सहज आत गेला असता.

"अहो, नको," ती म्हणाली.

"जातोय गं, जातोय."

पट्टा निम्मा गेला. मग अडला. मी खांदा लावला. त्या इमारतीतली एकही गोष्ट कोणी कित्येक वर्षांत तपासलेली नसावी, कारण खांदा लागताच जाळी, जाळीची चौकट, चौकटीभोवतीचा गिलावा आणि या सगळ्यामागून मी, असे सगळे मिळून आत गेलो. मी तिच्या पायांशी पडलो. माझ्या हातात पट्टा होता.

असं माझ्या हातून तिचं स्वागत झालं.

आवाजाने सिस्टर धावत आली, तिच्यामागून तिथला डॉक्टर. त्याने भिंतीतलं भगदाड बघितलं, मला बघितलं.

"तुम्ही आत आलात," तो म्हणाला.

"पडलो."

"आत पडलात. जाळी फुटली, डास आत आला असेल, यांना चावला असेल, मग तुम्हाला चावला असेल. तुम्हाला आता जाता येणार नाही."

"पण हिने लस घेतलीय! खरोखर घेतलीय!"

"कार्ड दाखवा."

मला त्याच वेळी छापखान्यातल्या माझ्या खुर्चीची आठवण झाली. रजेचा अर्ज नव्हता, काही नव्हतं. मॅनेजरला फोन लावला. "असू दे हो," तो म्हणाला, "तुम्ही आरामात या." त्याच्या आवाजात इतकी माया होती की मला सगळं कळलं. कामाच्या माणसाला कोणी आरामात या म्हणत नाही. मी फोन ठेवला आणि रिकाम्या खाटेवर बसलो. आम्हाला जाळी शाबूत असलेल्या शेजारच्या खोलीत हलवलं, तिथेही दोन खाटा आणि मधे एक लोखंडी स्टूल.

कपाळाला खरचटलं होतं. तिने रुमाल ओला करून पुसलं. "खुर्ची गेली वाटतं?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने रुमाल पिळून पुन्हा एकदा पुसलं, जिथे काही लागलेलं नव्हतं तिथेही.

दुपार होती. बाहेर काहीही नव्हतं बघायला. गवत, कुंपण, कुंपणाच्या सावलीत रखवालदार झोपलेला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने तो कुशीवर वळला. तिला खुदकन हसू आलं आणि लगेच विरलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "तिथे मला घराची आठवण आली नाही. एकदाही नाही. बाकीच्या सारख्या फोन करायच्या, रडायच्या. मी मुद्दाम आठवून बघितलं. नाही आली. मग मला भीतीच वाटली."

मी रखवालदाराकडे बघत राहिलो. हे मला माहीत होतं. फोटोखालचा मजकूर आटला तेव्हाच माहीत झालं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ते तिच्या तोंडून, गुडघ्याचा पट्टा नीट बांधता बांधता ऐकणं वेगळं. तिला रागवावं असं त्यात काही नव्हतं. समजूत घालावी असंही नव्हतं.

"मला आली," मी म्हटलं. "घरातच होतो, तरी आली."

ती वळली. तोंड उघडून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात सिस्टर आत आली आणि तिने हिच्या तोंडात एक आणि माझ्या तोंडात एक असा थर्मामीटर कोंबला.

"बोलायचं नाही," सिस्टर म्हणाली. "ओठ मिटून बसा. नाहीतर पुन्हा लावावा लागेल."

आम्ही ओठ मिटून बसलो. सिस्टर घड्याळ बघत उभी राहिली. हिचे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी थर्मामीटर थरथरत होता. ती हसत होती की रडत होती ते तोंड मिटलेलं असल्यामुळे मला कळायला मार्ग नव्हता. मी हात पुढे करून लोखंडी स्टूल दोन खाटांच्या मधून बाजूला सारलं.

सिस्टरने दोन्ही थर्मामीटर काढून उजेडाकडे धरले.

"दोघंही नॉर्मल," ती म्हणाली, आणि दार बाहेरून लावून घेतलं.